तेलाचा ब्रेक आणि केसरचा पाय

अंबाजीच्या कारखान्याला भिंती नव्हत्या, दार नव्हतं आणि खरं सांगायचं तर छप्परही नव्हतं. रेवदंड्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याला एक जुनी चिंच होती, तिच्या बुंध्यात तीन खिळे ठोकलेले होते. एका खिळ्याला पान्यांची पिशवी, दुसऱ्याला अंबाजीचा सदरा आणि तिसऱ्याला पाटी : 'येथे सर्व मोटारी दुरुस्त होतील.' त्या काळात, म्हणजे त्रेपन्न-चोपन्न साली, अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर मोटारी होत्या किती? दोन्ही हातांची बोटं संपायच्या आत मोजून व्हायच्या. त्यामुळे 'सर्व' या शब्दापायी अंबाजीला फारशी दगदग पडत नसे. उरलेला वेळ तो वाड्यांवरची पाण्याची इंजिनं, सोडावॉटरचं यंत्र आणि पोस्टमनची सायकल यांच्यात घालवी.

आधी तो एका खाजगी सर्व्हिस मोटारीवर होता. सहा वर्षं क्लीनर, चार वर्षं ड्रायव्हर. मग एस.टी. आली, सर्व्हिस बंद पडली, मालकानं गाडी भंगारात काढली आणि पान्यांची पिशवी अंबाजीच्या हातात देऊन सांगितलं, "ही तूच ने. मला यातला एकही ओळखू येत न्हाय." त्या पिशवीवर त्यानं कारखाना काढला.

त्याच्या बायकोचं नाव केसर. केसरचा भाऊ तुकाराम मुंबईला एका वर्कशॉपात होता. दर दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं : 'दाजींना जागा बघून ठेवली आहे. चिंचेखाली किती दिवस बसणार?' शेवटच्या पत्रानंतर अंबाजीनं रेवदंड्याच्या बाजारातून एक पत्र्याची ट्रंक आणली. ती घरात कोपऱ्यात उभी होती, रिकामी. केसर रोज झाडताना ती उचलायची, खालचा केर काढायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. तिला जायचं नव्हतं आणि त्यालाही जायचं नव्हतं. पण हे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नव्हतं, म्हणून ट्रंक तिथंच होती.

अशात दयारामशेठची मडम आली.

मडम म्हणजे मोटार. दयारामशेठ मिठागरवाले. सत्तेचाळीस साली एक साहेब मायदेशी निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. बॉनेटवरचं कंपनीचं नाव खाऱ्या वाऱ्यानं एकेक अक्षर करून केव्हाच गळून गेलं होतं, म्हणून लोकांनीच तिचं बारसं केलं. काळी, जाडजूड, चालताना जरा डावीकडं कललेली. हातब्रेकची तार तुटलेली. ती दयारामशेठनी काढून तिचं पेरूच्या झाडाला कुंपण घातलं होतं. एरवी त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. किनाऱ्याचा रस्ता सपाट. पाय काढला की गाडी थोड्या वेळानं आपण होऊनच थांबायची. ब्रेक लागायचा तो एकाच ठिकाणी. रेवदंड्याची खाडी ओलांडायची तर धक्क्याच्या उतारावरून गाडी खाली न्यायची आणि दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या तराफ्यावर चढवायची. तराफ्याची लांबी गाडीहून चार हातांनी जास्त. त्या चार हातांत गाडी थांबली तर पलीकडे कोर्लई. नाही थांबली तर खाडी.

आणि दयारामशेठना खाडी ओलांडायची होती. त्यांची लेक मैना मुरुडला दिलेली होती, पहिलटकरीण होती, तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. मुहूर्त शनिवारचा.

"मागच्या चाकातून तेल गळतंय," दयारामशेठ म्हणाले. "बघून दे. माझी मैना बसणार हाय तिच्यात."

"देतो की," अंबाजी म्हणाला. पाटीवर 'सर्व' लिहिलेलं होतं. दुसरं काय म्हणणार?

गाडी चिंचेखाली घेतली आणि रिवाजाप्रमाणे तिचं तोंड टेकडीकडं केलं. टेकडीवर वाघजाईचं देऊळ. त्या वस्तीत ज्या वस्तूवर काम करायचं ती देवीकडं तोंड करून ठेवायची, ही वाडवडलांपासूनची रीत. नांगर असो, बैलगाडी असो, नवा पाळणा असो. अंबाजीनं तर सोडावॉटरचं यंत्रही तसंच ठेवलं होतं. आता त्याचं तोंड कुठलं, यावर केसरचं आणि त्याचं अर्धा तास भांडण झालं होतं, ती गोष्ट वेगळी.

अंबाजी वाढला तारेच्या ब्रेकवर. तार सैल पडली, आवळली, झालं. मडमचा ब्रेक तेलाचा. पायानं दाबलं की तेल नळीतून चाकापर्यंत धावतं आणि चाक धरतं. अशी गाडी त्यानं एकदाच, मुंबईहून आलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली बसून उघडली होती. तेवढ्या शिदोरीवर त्यानं मागच्या चाकातलं फाटलेलं रबर काढलं, नवं घातलं. गळती थांबली. पण उघडलेल्या नळीत हवा शिरली होती, ती काढणं भाग होतं. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत चिमूटभर हवा राहिली तरी पाय नुसताच खाली जातो आणि चाकाला पत्ता नसतो.

हवा काढायला माणसं लागतात दोन. एकानं आत बसून पाय मारायचा, दुसऱ्यानं चाकापाशी पडून निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, सोडायचं आणि आवळायचं. दुसरं माणूस म्हणून अंबाजीनं केसरला बोलावलं. निपलला रबरी नळी जोडली, तिचं टोक तेल घातलेल्या काचेच्या बरणीत बुडवलं.

"ही माझी लोणच्याची बरणी," केसर म्हणाली.

"धुऊन देईन."

"या तेलाचा वास जातोय व्हय? औंदा लोणच्याला मोटारीची फोडणी."

तरी ती नऊवारी सावरून स्टिअरिंगमागं बसली. अंबाजी चाकापाशी आडवा झाला.

"मार!"

तिनं तीनदा पाय मारला.

"धर!"

"धरलाय!"

त्यानं निपल सोडलं. बरणीत बुडबुडे आले आणि तिचा पाय खाली गेला.

"गेला!" केसर ओरडली.

"सोडू नको! हां, आता सोड. मार!"

"गेला, अवो गेला!"

पाचव्या वेळेला शेजारची चंद्राबाई पदर डोक्यावर ओढत धावत आली. तिचे डोळे आधीच भरलेले होते. "कोण गेला गो? कवा गेला?"

"पाय गेला, चंद्राबाय," केसर आतून म्हणाली. "ब्रेकचा."

चंद्राबाईनं डोळे पुसले, पण इतक्या लांबून धावत आल्यावर नुसतंच कसं जायचं, म्हणून चिंचेखाली बसली. पुढं चार दिवस ती रोज येऊन बसत होती.

बरणीतले बुडबुडे थांबले. लांबचं चाक आधी, मग जवळचं, अशी चारी चाकं झाली. अंबाजीनं हात पुसले. दयारामशेठ आले, स्वतः बसले, गाडी वस्तीतून एक फेरी मारून अंगणात आणली आणि ब्रेक दाबला. मडम ऐटीत पुढं गेली आणि पेंढ्याच्या उडवीत घुसून थांबली. शेठ बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीत पेंढा होता. चंद्राबाई सोडून कुणी हसलं नाही.

"केसर, तू पाय दाबून बघ," अंबाजी म्हणाला.

ती बसली. डोळे मिटून पाय दाबला. "भिजल्या पावावर पाय दिल्यावानी लागतंय. दोनदा मारला की वर येतोय. थांबले की पुन्हा भिजला पाव."

म्हणजे हवा. पण बरणीत तर हवा येत नव्हती!

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं पुन्हा पाहिलं. कुठं ओल नाही. चाक धरणारे लायनर चाकापासून लांब राहिले असतील म्हणून जवळ घेतले. रबराची नळी फुगत असेल म्हणून बदलली. ब्रेकला तेल पुरवणाऱ्या वरच्या डबीतलं तेल मध्येच संपून हवा ओढली गेली असेल म्हणून दर चार पायांनी उठून डबी भरली. पुन्हा मार, धर, गेला, सोड. बरणी शांत. केसरनं पाय दाबला.

"आता खाजणाच्या चिखलात पाय जातोय. आधी रुततोय, मग खालचं कडक लागतंय."

"काल पाव, आज खाजण," अंबाजी वैतागला. "सुधारलं का बिघडलं?"

"खाजणातून निदान माणूस बाहेर येतोय," ती म्हणाली.

गुरुवारी दयारामशेठनी सुचवलं की विलायती तेल नासलं असेल, आपल्या वाडीचं खोबरेल घाल, चांगलं घाण्याचं. अंबाजीनं हात जोडले. "शेठ, खोबरेलानं आतली रबरं फुगतील. वर माघात पहाटेचं तेल थिजलं, म्हणजे मडमला उन्हात शेकायला बसवावं लागेल." शेठ हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "शनिवारी दुपारच्या भरतीला तराफा मिळणार हाय. झाली तर मैनेला आणायला गाडी. न्हाय झाली तर बैलगाडी, आणि सोमवारी मडम दोर बांधून मुंबईला. मग पुढं आम्ही सगळेच मुंबईला दाखवू, तुझ्यापाशी कशाला आणू?"

'सगळेच' म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या आठ-नऊ मोटारी. अंबाजी झाडाकडं बघत म्हणाला, "शनिवारपातुर झाली न्हाय तर पाटी मीच उतरवीन, शेठ."

त्या संध्याकाळी केसरनं केर काढताना ट्रंक उचलली, पण परत कोपऱ्यात ठेवली नाही, दाराशी ठेवली. अंबाजीनं पाहिलं. जेवण त्याला गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी केसर देवीच्या समईला तेल घेऊन टेकडी चढायला निघाली. दर शुक्रवारी जायची. आज अंबाजी बरोबर निघाला. देवळात जायला नव्हे, चिंचेखाली बसवेना म्हणून. ती पुढं, तो मागं. तिच्या हातात तेलाची लांबोडकी बाटली, बूच मारलेली, मानेला धरून आडवी. बाटलीत वर थोडी जागा राहिली होती, तिचा एक बुडबुडा झाला होता. अंबाजी चालता चालता त्याच्याकडं बघत राहिला. केसर चढणीला हात पुढं करायची, बाटलीचं बूड वर व्हायचं, बुडबुडा बुडाशी जायचा. हात खाली सोडला की मानेशी यायचा. ती बाटली हलवायची, बुडबुडा खाली दबायचा, आणि हात थांबला की पुन्हा सरपटत वर.

अंबाजी थांबला.

"काय झालं?" केसर मागं वळली.

"बाटली तशीच धर. हलवू नको."

"अवो, देवीचं तेल हाय. ते काय ब्रेकात घालायचं न्हाय!"

तो खाली बघत होता. पायथ्याला चिंच, चिंचेखाली मडम, तोंड वर टेकडीकडं, ढुंगण खाली. मागची चाकं सगळ्यात खाली. आणि चार दिवस तो त्या खालच्या चाकांपाशी पडून हवेला खाली बोलावत होता. केसर पाय मारी तेवढ्यापुरती ती हातभर खाली येत असणार, आणि पाय सोडला की लांबलचक नळीतून परत वर. बरणीपर्यंत येणार कशी?

"केसर, हवेलाबी देवीकडंच जायचं हाय गो," तो म्हणाला. "आपणच तिची वाट आडवून बसलोय. गाडी फिरवली पायजे. मागची चाकं वर, तोंड खाली."

केसरचा चेहरा बदलला. "देवीकडं पाठ? आणि ती पण पहिलटकरणीच्या गाडीची?"

अंबाजीनं स्वतः कधी साधं चाकसुद्धा देवीकडं पाठ करून फिरवलं नव्हतं. दोघं देवळात गेली, तेल घातलं आणि उतरली. चिंचेखाली चंद्राबाईनं ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. झालं. आता वस्तीला कळायला घटकाही लागणार नव्हती.

वाट काढली काळूराम तांडेलनं. तराफा त्याचाच. शनिवारी गाडी येतेय की नाही ते विचारायला तो आला होता. सगळं ऐकून त्यानं तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "माझी होडी दर्यात जाते तवा तिची नाळ, म्हंजे तोंड, कुठं असतं रे? दर्याकडं. आन देवी कुठं? मागं. आमचे बाप-आजे तिच्याकडं पाठ करूनच मासळीला गेले. ती रुसली असती तर तुम्ही काय खाल्लं असतं, चिंच?"

चंद्राबाईनंही यावर थोडा विचार केला. सुरमई तिला फार आवडायची.

"आन उताराचं काय घेऊन बसलास?" काळूराम पुढं म्हणाला. "माझा धक्का हाय की. त्याच्याएवढा उतार पंचक्रोशीत न्हाय. आण उद्या सकाळी, ओहोटीला."

केसरनं पदर खोचला. मग म्हणाली, "तोंड फिरवायच्या आधी नारळ फोडायचा. आन पाय मीच मारणार."

शनिवारी सकाळी मडम पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या चालीनं धक्क्यावर गेली. पुढं दोन गडी, प्रत्येकाच्या हातात एकेक धोंडा, चाकापुढं टाकायला. नारळ फुटला. तोंड खाली खाडीकडं करून गाडी उतारावर घेतली, पुढच्या चाकांना धोंडे लावले, मागं काळूरामनं होडीच्या नांगराचा दोर बांधून खुंट्याला दोन वेढे दिले. खाली ओला दगड, शेवाळ, आणि वीसेक हातांवर पाणी. भरती लागली होती. दयारामशेठ धक्क्यावर उभे राहून पाण्याकडं आणि घड्याळाकडं आळीपाळीनं बघत होते.

केसर आत बसली. काचेतून समोर तिला फक्त खाडी दिसत होती.

"भ्यायलीस का गो?" अंबाजीनं खिडकीशी येऊन हळूच विचारलं.

"बरणी फोडू नका," ती म्हणाली.

तो मागच्या चाकापाशी आडवा झाला. आज ते चाक वर होतं. नळी जोडली, बरणी ठेवली.

"मार!"

"धर!"

"धरलाय!"

निपल सोडलं. क्षणभर नुसतं तेल आलं. आणि मग बरणीत गुडगुड सुरू झाली. एक भला मोठा बुडबुडा, मागोमाग बारके, मग पुन्हा मोठा, हुक्का ओढल्यासारखा आवाज. चार दिवसांची दडलेली हवा रांगेनं बाहेर येत होती.

"गेला!" केसर ओरडली.

"जाऊ दे, जाऊ दे! सोड! मार!"

दोन्ही मागची चाकं झाली तेव्हा पाणी दहा हातांवर आलं होतं. बरणी शांत झाली, पण आज अंबाजीचा बरणीवर विश्वास नव्हता. तो उठून खिडकीशी आला.

"पाय कसा हाय?"

केसरनं डोळे मिटले. पाय दाबला. पुन्हा दाबला. तिच्या माहेरची मिठागरं होती. लहानपणापासून ती बांधावरून चाललेली. "बांध हाय," ती म्हणाली. "मिठागराचा पक्का बांध. हलत न्हाय."

"मग धरून ठेव." त्यानं गड्यांना खूण केली. "धोंडे काढा."

"अरे, बाईमाणूस आत हाय!" दयारामशेठ ओरडले.

"शेठ, तुमची मैना बसायची हाय ना? मग आधी माझी बसू दे."

धोंडे काढले. काळूरामनं दोर सैल सोडला. मडम इंचभर हलली, करकरली आणि थांबली. पाणी वर येत होतं, पुढच्या चाकाला लागलं, तरी गाडी जागची हलली नाही. केसरनं पाय उचलला नव्हता.

"सोड की आता," अंबाजी म्हणाला.

"आधी धोंडे लावा," ती म्हणाली. "मग सोडते. एवढं तरी मला कळतंय."

दुपारच्या भरतीला मडम तराफ्यावर चढली, चार हातांपैकी दोन हात शिल्लक ठेवून थांबली आणि संध्याकाळच्या आत मैनेला घेऊन परत आली. दयारामशेठनी लोणच्याची नवी बरणी पाठवली. केसरनं तिच्यात लोणचं घातलं आणि जुनी ब्रेकसाठी कायमची देऊन टाकली. तुकारामला पत्र गेलं : 'इथं काम वाढलं आहे, सध्या येणं होत नाही.' ट्रंक दारातून चिंचेखाली गेली. तिच्यात निपलं, रबरं आणि लायनर राहू लागले. कुलूप मात्र लावलं नाही, कारण चावी केसरनं कुठं ठेवली ते तिला कधी आठवलं नाही, किंवा तिनं आठवू दिलं नाही.

पुढं बरीच वर्षं तेलाच्या ब्रेकची गाडी आली की अंबाजी तिला धक्क्यावर न्यायचा. 'अंबाजी मोटारीला खाडीस्नान घालतो' म्हणून लोक हसायचे. बाकी सगळी दुरुस्ती चिंचेखाली, देवीकडं तोंड करून. एवढा ब्रेक तेवढा पाठ करून. आणि पाय दर वेळी केसरचाच. मडम पुढं कुणी पनवेलच्या माणसानं नेली. चिंचेखाली पत्र्याचं छप्पर आलं. बासष्टच्या सुमाराला दोन धडधाकट हाताखालचे आले, तेव्हा केसरला कुणी पाय मारायला बोलावीनासं झालं. मात्र नव्या गाडीचं काम संपलं की अंबाजी काहीतरी निमित्त काढून तिला हाक मारायचा, "जरा बसून बघ गो, कसा लागतोय." पाव, खाजण की बांध, हे ती सांगे आणि मगच गाडी मालकाकडं जाई.

कधी दोघं एस.टी.नं अलिबागला जातात. जाताना एके ठिकाणी रस्ता जरा उताराला लागतो, ड्रायव्हर मजेत गाडी सोडतो. तेव्हा केसर बोलता बोलता गप्प होते आणि तिचा उजवा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबून बसतो. शेजारच्या बायका विचारतात, "पाय दुखतोय का गो?" ती म्हणते, "मुंग्या आल्या."

अंबाजी खिडकीतून बाहेर बघत असतो. उतार संपला की तो मान न वळवता हळूच म्हणतो, "सोड."

आणि ती सोडते.